मोनिकाला ते घर परवडायचं कसं?

"स्वयंपाकीण मोनिका आणि तिची वेट्रेस मैत्रीण मॅनहॅटनमध्ये एवढ्या ऐसपैस घरात? 'फ्रेंड्स' या अमेरिकी मालिकावाल्यांनी थापाच मारल्या," हे वर्षानुवर्षं ऐकतोय. थापा नाहीत हो. करार मोनिकाच्या आजीच्या नावावर, भाडं भाडेनियंत्रणाखालचं, कायद्याने मर्यादेत ठेवलेलं. म्हणजे नात चक्क बेकायदा राहत होती! चौथ्या सीझनमध्ये इमारतीची देखभाल करणारा ट्रीगर चिडून नेमकी हीच गोष्ट मालकाला सांगायची धमकी देतो. ती मागे घ्यावी म्हणून मोनिकाचा मित्र असलेल्या बिचाऱ्या जोईला त्याच्याबरोबर नाचाची तालीम करावी लागते. 2004 च्या शेवटच्या भागातही मोनिकाच्या नवऱ्याच्या, चँडलरच्या तोंडी भाडेनियंत्रणाचा उल्लेख आहेच. खोटं काही असेल तर जागा: ग्रेनिच व्हिलेजमधली इमारत फक्त बाहेरून दिसते, आतलं घर कॅलिफोर्नियात, बरबँकच्या स्टुडिओत.