लघुरेल्वे मांडणी, घरगुती

लघुरेल्वे मांडणी, घरगुती : प्रत्यक्ष रेल्वेमार्गाचा एखादा भाग ठरावीक प्रमाणात लहान करून घरातील टेबलावर किंवा भिंतीलगतच्या फळीवर उभारण्याचा छंद आणि त्यासाठी करावी लागणारी आखणी. किल्ली देऊन धावणाऱ्या खेळण्यातील आगगाडीहून हा प्रकार वेगळा मानतात, कारण यात रूळ, डबे, स्थानक व भोवतालचा भूप्रदेश या सर्वांना एकच प्रमाण लावलेले असते. निदान तसा दावा तरी असतो.

प्रमाणे व रुळांतर : जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपसिकच्या व्यापारी मेळाव्यात क्रमांकित रुळांतरांची (दोन रुळांमधील अंतरांची) मालिका मांडली, तेथपासून प्रमाणीकरणाचा आरंभ धरण्याची प्रथा आहे. पुढे रूढ झालेल्या ‘ओ’ मापाचे रुळांतर ३२ मिमी. असून ब्रिटनमध्ये त्यासाठी १ फुटास ७ मिमी. हे प्रमाण वापरात आले. त्याच्या निम्मे, म्हणजे १ फुटास ३.५ मिमी. (१:८७), हे ‘एचओ’ प्रमाण होय. त्याचे रुळांतर १६.५ मिमी. आहे. त्याचा नेमका जनक कोण, याविषयी एकमत नाही. १९२२ च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने ब्रिटिश बाजारासाठी टेबलावर मावणारी रेल्वे काढली. तिच्या आखणीशी हेन्री ग्रीनली व डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक या ब्रिटिश नमुना-रेल्वेकारांची नावे जोडली जातात; मात्र आजच्या अर्थाने काटेकोर एचओ त्यानंतर काही वर्षांनी स्थिरावले असावे. ब्रिटनने रुळांतर १६.५ मिमी.च ठेवले, पण वरचा सांगाडा १ फुटास ४ मिमी. (१:७६.२) या मोठ्या प्रमाणात केला, हे ‘ओओ’. या विसंगतीची दोन कारणे सांगतात : इंग्रजी इंजिनांचा बाह्य आकार मुळात लहान असल्यामुळे त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या नमुन्यांत मावत नव्हत्या, आणि नमुन्यांच्या जाड चाकांना व बाहेरील दांड्यांना जास्त रुंदी लागत होती. दोन्ही कारणे एकत्र असू शकतील. तथापि पहिले अधिक ग्राह्य दिसते, कारण जाड चाके यूरोपीय नमुन्यांनाही होती आणि मुळातच मोठ्या सांगाड्यामुळे त्यांचे काही अडले नाही. १:१६० प्रमाण व ९ मिमी. रुळांतर असलेले ‘एन’ हे माप १९६० च्या दशकात पुढे आले.

भारतीय मार्गाची प्रतिकृती करताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. १६.५ मिमी. हे १,४३५ मिमी.च्या यूरोपीय रुळांतराचे रूप आहे. भारतीय रुंदमापी मार्ग १,६७६ मिमी.चा असल्याने एचओमध्ये त्याचे रुळांतर १९.२ मिमी. यावयास हवे. बाजारातील तयार रूळ वापरले, तर मार्ग सुमारे १४ टक्के अरुंद पडतो. यावर एक पक्ष रूळ हाताने ठोकून खरे रुळांतर साधावे असे म्हणतो. १:७६.२ प्रमाण घेतल्यास ते बरोबर २२ मिमी. येते, हे या पक्षाचे आवडते गणित आहे; पण मग प्रत्येक इंजिनाचे आस व प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) स्वतः घडवावा लागतो. दुसरा पक्ष तयार रूळ पत्करतो, आणि लहान घरगुती मांडणीसाठी त्याचेच म्हणणे व्यवहार्य आहे. ब्रिटिश ओओमधील तूट सुमारे १२ टक्के असून तेथील छांदिष्टांनी ती कित्येक दशके चालवून घेतली आहे, हे विसरता येत नाही. शिवाय ही तूट समोरून किंवा वरून पाहताना जाणवते, बाजूने नव्हे. म्हणून मांडणी जमिनीपासून सुमारे १२० सेंमी. उंचीवर, उभ्या माणसाच्या छातीशी घेतली की निम्मा वाद मिटतो.

रुळांतरापेक्षा रुळाखालची पट्टी नजरेला लवकर खटकते. भारतीय मार्गावर स्लीपर साधारण ६० सेंमी. अंतराने, म्हणजे एचओमध्ये जवळजवळ ७ मिमी.वर येतात. लवचीक तयार रुळाच्या खालचे प्लॅस्टिकचे दुवे पात्याने कापून स्लीपर या अंतरावर सरकवता येतात. मीटरला ६० किलो वजनाच्या प्रत्यक्ष रुळाची उंची १७२ मिमी. असते. तिचे एचओ रूप सुमारे २ मिमी. होते; ‘कोड ७५’ म्हणून विकला जाणारा १.९ मिमी. उंचीचा रूळ त्याच्या अगदी जवळ बसतो, तर ‘कोड १००’चा २.५४ मिमी. उंच रूळ बोजड दिसतो.

विषयाची निवड : पुण्यातील छांदिष्टाला पहिला मोह बोरघाटाचा होतो. १८६३ मध्ये खुला झालेला, ३७ ला १ चढाचा, बोगदे व बँकर (गाडीला मागून रेटणारी) इंजिने असलेला हा मार्ग चित्रमय आहे यात शंका नाही. पण सुमारे २५ किमी.चा घाट एचओमध्ये जवळजवळ २९० मीटर लांब आणि सहा मीटरांहून उंच होतो. घरात त्याचा एखादा बोगदाच येऊ शकतो. त्यामानाने जुन्या मीटरमापी पुणे–मिरज मार्गावरील जेजुरी किंवा नीरा यांसारखे एकेरी मार्गावरचे स्थानक लहान जागेला मानवते, १,००० मिमी.चे एचओ रूप ११.५ मिमी. होते आणि बाजारात १२ मिमी.चे रूळ मिळतात. याहून जवळचा मेळ बार्शी लाइट रेल्वेचा आहे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या अरुंदमापी मार्गाचे रुळांतर ७६२ मिमी. होते. एचओमध्ये ते ८.७५ मिमी. होत असल्याने एन मापाचे ९ मिमी. रूळ जवळजवळ तंतोतंत लागतात, गाड्या आखूड असतात आणि तीव्र वक्रही शोभतात.

जागा व वक्र : परदेशी मार्गदर्शिकांत ८ × ४ फूट प्लायवूडची अखंड शीट हा पाया गृहीत धरलेला असतो. अशी शीट भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये मिळते. ती सदनिकेच्या जिन्याच्या वळणातून वर नेणे ही निराळी गोष्ट. मुख्य अडचण मात्र भूमितीची आहे. ४ फूट रुंदीत वक्राची त्रिज्या ५५० मिमी.च्या फारशी पुढे जात नाही. चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यातील जुन्या धाटणीचा प्रवासी डबा २१.३४ मी. लांब, म्हणजे एचओमध्ये २४५ मिमी. असतो, आणि वक्राची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट असावी या व्यावहारिक नियमाने ७३५ मिमी. त्रिज्या लागते. ४५० मिमी. त्रिज्येवर अशा डब्याचा मध्यभाग आतल्या बाजूला ८ मिमी. आणि टोके बाहेर त्याहून किंचित जास्त झुकतात. फलाट वक्रावर असेल, तर तेवढी फट सोडावी लागते. म्हणून रूळ विकत घेण्यापूर्वी २४५ × ३७ मिमी.चा पुठ्ठा कापून, बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या दोन गाड्यांच्या) जागी दोन टाचण्या टोचून, तो कागदावर काढलेल्या वक्रावरून सरकवून पाहणे हा आखणीचा सर्वांत स्वस्त व सर्वांत उपेक्षित भाग आहे. उलटसुलट वक्रांमध्ये निदान एका डब्याच्या लांबीचा सरळ रूळ हवा. एका मार्गाने दुसऱ्यावरून जायचे असल्यास एचओमध्ये सुमारे ८ सेंमी. उंची लागते, ३ टक्के चढाने ती गाठण्यास अडीच मीटरांहून अधिक लांबी खर्च होते, आणि लहान मांडणीत ती परवडत नाही.

या कारणांमुळे गोल फेऱ्याऐवजी भिंतीलगत ३०–४५ सेंमी. रुंदीची, सुटी करता येणारी फळी अधिक चांगली. हाताची पोच सुमारे ७५ सेंमी. असल्याने मागे घसरलेला डबाही उचलता येतो. एका टोकाला आडोशामागे गाड्या लपवण्याचे यार्ड ठेवले, की येणारी गाडी ‘पुण्याहून आली’ असे मानता येते. यापेक्षाही कमी जागा असेल, तर ब्रिटिश छांदिष्ट ॲलन राइट यांची ‘इंगलनूक’ ही रचना वापरतात : पाच, तीन व तीन वाघिणी (मालडबे) मावणाऱ्या तीन सायडिंग (बाजूचे बंद रूळ), आणि इंजिनासह तीन वाघिणी मावतील एवढी शंटिंगची (डबे मागेपुढे करून लावण्याची) लांबी. आठ वाघिणींतून चिठ्ठी टाकून पाच निवडायच्या व त्याच क्रमाने गाडी लावायची. असे ६,७२० क्रम संभवतात.

डोंगर व भूप्रदेश : दिवाळीत पुण्यातील मुले दगडमाती व पोत्यांचे किल्ले करून त्यांवर अळीव पेरतात. या प्रथेशी छंदाचे नाते जोडण्याचा मोह होतो. त्यास आधार हाताच्या सवयीपुरताच आहे. रेल्वेच्या मांडणीत ओली माती चालत नाही. जाळी व प्लॅस्टरचे हलके कवच करतात.

पुण्यातील सर्वांत परिचित नमुना कोथरूडमधील जोशी लघुरेल्वे संग्रहालय हा असून भाऊ जोशी यांनी उभारलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. एचओ प्रमाणातील ती मांडणी प्रदर्शनासाठी असल्याने घरगुती आखणीस ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

परिष्करण : मांडणी चालू झाल्यानंतरचे काम मुख्यतः विजेचे व चाकांचे असते. रूळजोडांतून वीज पुढे जाईल यावर न विसंबता प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार जोडावी. तारा, स्विच व कनेक्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. चाकांच्या आतील बाजूंमधले अंतर १४.४ मिमी.च्या आसपास नसेल, तर डबा हटकून सांध्यावर घसरतो, आणि दोष मात्र सांध्याला दिला जातो. मार्ग स्वतःवरच वळून परत येत असेल, तर विरुद्ध ध्रुवांचे दोन रूळ एकमेकांना भिडून शॉर्टसर्किट होते. तो भाग विजेच्या दृष्टीने तोडून निराळा जोडावा लागतो. अंकीय नियंत्रणाने एकाच मार्गावर दोन इंजिने स्वतंत्र चालवता येतात, पण इंगलनूकसारख्या रचनेत त्याची गरज नाही. पावसाळ्यात एमडीएफच्या (लाकडी तंतूंच्या दाबीव फळीच्या) कडा फुगून रूळजोड वर येतात. त्यामुळे प्लायवूड वापरून त्याच्या दोन्ही बाजूंस वॉर्निश देणे बरे. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. सँडपेपरचे ओरखडे पुढच्या मळाला जागा करून देतात. वेगही प्रमाणात असावा : ताशी ६० किमी. म्हणजे एचओमध्ये सेकंदाला १९ सेंमी., आणि शंटिंगचा ताशी १५ किमी. म्हणजे जेमतेम ५ सेंमी. तारजोडणीतील राहिलेले दोष या दुसऱ्या वेगाला उघड होतात.