मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल: चाचणीत सहभागाची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

चिंचेच्या झाडावरून पडून, विहिरीच्या कामावर किंवा दुचाकीच्या अपघातात मणका मोडला, कमरेखालचे अंग लुळे पडले, की घरचे लोक महिन्याभरात ‘स्टेम सेल’पर्यंत, म्हणजे वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी टोचण्याच्या उपायापर्यंत पोचतात. त्यांनी आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. भारतात या इजेवर स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर बाकी सगळा वापर प्रायोगिक आहे. तो परवानगी मिळालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे रुग्णांवरच्या अधिकृत चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी इंजेक्शनांचे ‘पॅकेज’ सांगत असेल, तर ती ट्रायल नाही. त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

यासाठी शासनाचा एखादा छापील अर्ज नाही. ट्रायल चालू असलेल्या केंद्राशी थेट संपर्क साधावा लागतो, आणि ते केंद्र सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत सापडते. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. इंग्रजीत ‘स्पायनल कॉर्ड इंज्युरी’ टाकून शोधा. प्रत्येक ट्रायलला सीटीआरआय, वर्ष, महिना आणि सहा आकडे असा क्रमांक असतो. पान उघडले की भरती ‘ओपन’ आहे का, एथिक्स कमिटीची (रुग्णांचे हित जपणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का आणि औषध महानियंत्रकांची परवानगी आहे का, हे तपासा. नुसता नोंदणी क्रमांक म्हणजे परवानगी नव्हे. जाहिरातीत तो दाखवून फसवणूक होऊ शकते. चौकशीसाठीचा फोन आणि ईमेल त्याच पानावर असतो.

पात्रता प्रत्येक ट्रायलची वेगळी असते. बहुतेक ठिकाणी वय 18 च्या पुढे लागते आणि इजेला किती दिवस झाले हे काटेकोर पाहतात. जपानने डिसेंबर 2018 मध्ये सशर्त मान्यता दिलेल्या ‘स्टेमिरॅक’ या रुग्णाच्याच पेशींच्या उपचारासाठी रुग्णाची अस्थिमज्जा इजेनंतर 31 दिवसांच्या आत काढावी लागते. बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), लघवीचा जंतुसंसर्ग, कर्करोग किंवा गर्भारपण असेल तर सहसा नाव गळते. पूर्वी कुठे पैसे भरून पेशी टोचून घेतल्या असतील, तरीही बऱ्याच ट्रायल नाकारतात. त्यामुळे दर दोन तासांनी कूस बदलणे आणि कॅथेटरची (लघवीच्या नळीची) स्वच्छता हीसुद्धा अर्जाचीच तयारी समजा.

सगळ्यात जास्त अडते ते आसिया ग्रेडवर, म्हणजे मज्जारज्जूची इजा किती पूर्ण आहे हे सांगणाऱ्या श्रेणीवर. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘पॅराप्लेजिया (कमरेखालचा लकवा), पॉवर शून्य’ एवढेच लिहिलेले असते. त्यावरून ग्रेड ए की बी, हे ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक बाजूचे 10 स्नायू आणि 28 जागांची संवेदना कापसाने व टाचणीने तपासतात. शिवाय गुदद्वाराजवळची संवेदना आणि तिथले आकुंचन तपासावे लागते. तिथे काहीच नसेल तर ए. संवेदना आहे पण इजेखाली हालचाल नाही, तर बी. ही शेवटची तपासणी संकोचामुळे किंवा गर्दीमुळे राहून जाते. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जवळ असेल तिथल्या अस्थिरोग विभागात आसियाचा पूर्ण तक्ता भरून मागा. त्यावर तारीख आणि सही हवीच.

सोबत ठेवायची कागदपत्रे: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट व त्यात कोणत्या धातूचे स्क्रू-रॉड बसवले ते, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी चे रिपोर्ट, ताजे युरिन कल्चर, चालू औषधांची यादी, आधार. एमआरआयची सीडीच घ्या, पहिली आणि ताजी दोन्ही. फिल्मचा व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो उपयोगाचा नाही, त्यात मज्जारज्जूतली गाठ किंवा पोकळी नीट दिसत नाही. अपघाताची केस असेल तर एमएलसी (रुग्णालयातल्या पोलीस-केसच्या नोंदीचा) क्रमांक लिहून ठेवा, इजेची तारीख त्यावरूनही पटवता येते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) ट्रायलसाठी सहसा लागत नाही, पण बाकी योजनांसाठी त्याचा अर्ज आताच करून टाका. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला 75 टक्के सवलत आहे, सोबत्यालाही. मात्र त्यासाठी रेल्वेच्याच नमुन्यातला दाखला सरकारी डॉक्टरांकडून आणावा लागतो. देवगिरी किंवा सचखंड एक्स्प्रेसने निघण्याआधी तो हातात असू द्या.

निवड झाली की संमतीपत्र येते. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत मागा, मराठी हवे असेल तर तसे स्पष्ट सांगा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोरच अंगठा घेतात. फॉर्मवर व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव विचारलेले असते. हे नुकसानभरपाईसाठी असते, म्हणून रकाना रिकामा सोडू नका. आपल्याला पेशी मिळणार की पेशी न देता तुलनेच्या गटात टाकणार, पेशी कुठून घेतलेल्या आहेत आणि किती वर्षे तपासणीला यावे लागेल, हे सहीआधी विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण लिस्बनमध्ये नाकातल्या पेशी मणक्यात बसवलेल्या एका तरुणीला तिथे गाठ झाल्याचे 8 वर्षांनी आढळले. 2014 मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येते, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाल्यास 2019 च्या ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स’ नियमांनुसार उपचार मोफत मिळतात. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत घेतल्याशिवाय केंद्रातून निघू नका. तक्रार करायची झाल्यास एथिक्स कमिटीचा फोन माहितीपत्रकावरच असतो.