राष्ट्रीय सेवेतील ब्रिटिश छत्रीधारी सैनिक

राष्ट्रीय सेवेतील ब्रिटिश छत्रीधारी सैनिक : दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये लागू असलेल्या सक्तीच्या लष्करी सेवेच्या काळात पॅराशूट रेजिमेंटमध्ये दाखल झालेले तरुण. सैन्यात जाण्याची सक्ती होती. विमानातून उडी मारण्याची मात्र कोणावरही नव्हती. त्यामुळे सक्तीने भरती झालेला आणि तरीही स्वखुशीने पुढे आलेला, असा हा काहीसा विसंगत वाटणारा सैनिक होता.

शांततेच्या काळातही सक्तीची भरती चालू ठेवण्यामागे ब्रिटनची मनुष्यबळाची अडचण होती. जर्मनी, मध्यपूर्व आणि मलाया येथे फौजा ठेवणे भाग होते. परंतु १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाल्यामुळे साम्राज्याच्या दिमतीला असलेले भारतीय सैन्य हातचे गेले होते. पंतप्रधान ॲटली यांच्या सरकारने केलेला राष्ट्रीय सेवेचा कायदा १ जानेवारी १९४९ पासून अमलात आला. सुरुवातीला सेवेची मुदत १८ महिने होती. कोरियन युद्धामुळे ऑक्टोबर १९५० मध्ये ती दोन वर्षे करण्यात आली आणि त्यानंतर राखीव दलात नाव राहत असे. कोळसा खाणींतील कामगारांना सूट होती, तर उत्तर आयर्लंडला हा कायदा लागूच नव्हता.

पॅराशूट रेजिमेंटची स्थापना १९४२ ची आणि तिचे केंद्र ऑल्डरशॉट येथे होते. नाव दिलेल्या तरुणाला आधी तेथील 'पी कंपनी'ची निवड चाचणी पार करावी लागे. पाठीवर ओझे घेऊन जलद कूच, जड ओंडका वाहून नेण्याची शर्यत, उंचावरील अडथळे आणि 'मिलिंग', म्हणजे समोरच्यावर बचावाचा विचार न करता एक मिनिट ठोसे चालवणे, असे तिचे स्वरूप होते. कौशल्यापेक्षा माघार न घेण्याची वृत्ती पारखणे हा तिचा खरा हेतू.

उडीचे शिक्षण हवाई दलाकडे असे. १९५० पासून ते ॲबिंग्डन येथे दिले जाई. पहिली उडी जमिनीला दोराने बांधलेल्या फुग्याखालच्या पिंजऱ्यातून, सुमारे ८०० फुटांवरून मारावी लागे. विमानातून बाहेर पडताना वाऱ्याचा झोत माणसाला ओढून नेतो. फुग्यावर मात्र सारे शांत असते आणि छत्री उघडेपर्यंत सरळ खाली पडावे लागते, म्हणून अनेकांना तीच उडी अधिक भीतिदायक वाटे. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात राखीव छत्रीही नसे. प्रशिक्षणात उडी नाकारणाऱ्याला शिक्षा न करता मूळ पलटणीत परत पाठवले जाई. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या छत्रीधारीचे पंखांचे चिन्ह मिळाल्यानंतर नकार देणे मात्र लष्करी न्यायालयापुढे नेणारा गुन्हा होता. चिन्हाबरोबर उडीचा भत्ताही मिळे आणि नव्या भरतीच्या सैनिकाला आठवड्याला जेमतेम २८ शिलिंग मिळत असल्यामुळे त्याचे आकर्षण कमी नव्हते. या सैनिकांची तपकिरी-लाल टोपी भारतीय छत्रीधारी दलातही रूढ आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण पुढे भारतीय पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली.

एवढी तयारी करूनही प्रत्यक्ष सेवा बहुधा पायदळाचीच असे. सुएझ कालव्याच्या परिसरातील पहारे आणि सायप्रसच्या ट्रूडोस डोंगरांत ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या इओका संघटनेच्या बंडखोरांचा शोध यांत महिने जात. १९५६ च्या उन्हाळ्यात तर सायप्रसमधील पलटणींना उडीचा सराव उरला नसल्याने त्यासाठी इंग्लंडला परत न्यावे लागले. त्याच वर्षी सुएझ कालव्यावरून इजिप्तशी झालेल्या संघर्षात ५ नोव्हेंबरला पहाटे ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटची तिसरी पलटण इजिप्तमधील पोर्ट सैदजवळच्या एल् गामिल विमानतळावर उतरली. ६६८ जणांच्या या उडीत राष्ट्रीय सेवेतील तरुणही होते. संपूर्ण पलटणीने लढाईत उडी घेण्याचा हा ब्रिटिश लष्कराचा शेवटचा प्रसंग ठरला.

सुएझनंतर १९५७ मध्ये ब्रिटनने सक्तीची भरती बंद करण्याचे धोरण जाहीर केले. १९६० अखेर बोलावणी थांबली, १९६३ मध्ये शेवटचा सैनिक सेवामुक्त झाला आणि रेजिमेंट पूर्णतः व्यावसायिक सैनिकांची झाली.