कडक आहे म्हणजे कच्चं नाही: आशियाई नाशपातीची पार्श्वभूमी

हल्ली मुंबई-पुण्यातल्या मोठ्या फळवाल्यांकडे फोमच्या जाळीत एकेक गुंडाळलेलं, सफरचंदासारखं गोल आणि तपकिरी सालीचं फळ दिसतं, लेबलवर ‘कोरियन पेअर’ नाहीतर ‘नाशी’ लिहिलेलं असतं आणि भाव ऐकून बरेच जण ते परत ठेवून देतात. तिथून चार पावलांवर पावसाळ्यात हातगाडीवर हिरवट-पिवळी कडक नाशपाती ढिगाने विकली जाते, तिला उत्तरेत पत्थरनाख म्हणतात, पंजाबात तिच्या मोठ्या बागा आहेत. ही दोन्ही फळं एकाच प्रजातीची आहेत, पायरस पायरिफोलिया, म्हणजे आशियाई नाशपाती. मला हे कळलं तेव्हा खरंच धक्का बसला, कारण आमच्या घरी पत्थरनाख म्हणजे ‘अजून पिकली नाही, ठेव दोन दिवस’ असंच चालायचं. ती दोन दिवसांनी मऊ होत नाही, नुसती सुकते.

आधी नावांचा गुंता सोडवायला हवा, कारण निम्मा गैरसमज तिथेच आहे. जपानीत ‘नाशी’ म्हणजे नाशपातीच, त्यामुळे नाशी पेअर म्हणजे नाशपाती नाशपाती. आपला ‘नाशपाती’ शब्द फारसीतून आला, त्याचा जपानी शब्दाशी संबंध नाही, सारखेपणा योगायोगाचा. जपानीत ‘नाशी’चा उच्चार ‘नाही’ या अर्थाच्या शब्दासारखा होतो म्हणून शुभ प्रसंगी तिला उलट ‘आरी नो मी’, म्हणजे ‘आहे’चं फळ म्हणायची पद्धत पडली. चीनमध्ये नाशपाती वाटून खाणं टाळतात कारण ‘नाशपाती वाटणं’ आणि ‘ताटातूट’ हे शब्द सारखेच ऐकू येतात. इंग्रजीत नाशीला ॲपल पेअरही म्हणतात, त्यावरून लोकांना हे सफरचंद आणि पेअरचं कलम वाटतं, तसं काहीही नाही. आणि आपल्याकडे तर आणखीच मजा, पोर्तुगीजांचा ‘पेरा’ म्हणजे पेअर, त्याच शब्दावरून पेरू आला असं मानतात, गोव्यात अजूनही पेरूला पेर म्हणतात. म्हणजे पेअरचं नाव पेरूने घेतलं आणि खऱ्या पेअरला आपण फारसी नावाने ओळखायला लागलो. त्यात बाजारात बब्बूगोशा नावाची मऊ जात आली आणि नाशपाती मऊच असायला हवी ही अपेक्षा पक्की झाली.

ही अपेक्षा युरोपियन पेअरची आहे. ते कडक असतानाच तोडतात आणि मग घरात पिकवून लोण्यासारखं झालं की खातात. नाशी झाडावरच पिकते, तोडल्या दिवशी खायला तयार, आणि तिची सगळी गंमत त्या कचकन चावण्यात आणि हनुवटीवर ओघळणाऱ्या पाण्यात आहे. दाताखाली रवाळ कण लागतात ते दगडी पेशींचे, म्हणजे गरातल्या जाड, टणक भिंतींच्या पेशींचे, म्हणून तिचं एक नाव सँड पेअर.

जुना इतिहास थोडक्यात: मूळ चीनकडचं. भारतात सातव्या शतकात आलेल्या चिनी प्रवाशाने लिहून ठेवलंय की पंजाबात चिनी ओलिसांनी पीच आणि नाशपाती आणली आणि इथे नाशपातीला ‘चीनराजपुत्र’ म्हणायचे. केवढं देखणं नाव, आणि आपण ते विसरलो!

आजची नाशी मात्र खरी घडली ती गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत. १८८८ मध्ये टोकियोजवळच्या मात्सुदो भागात एका १३ वर्षांच्या मुलाला कचऱ्याच्या ढिगात एक रोप सापडलं, दहा वर्षांनी त्याला फळ धरलं, हिरवट, पातळ सालीचं, रसाने भरलेलं आणि कण खूपच कमी. नाव पडलं ‘निजिस्सेइकी’, म्हणजे विसावं शतक. १९०४ मध्ये ते तोत्तोरीत गेलं आणि तो प्रांतच त्या फळाने ओळखला जाऊ लागला. पण काळ्या ठिपक्यांचा रोग याला लगेच धरतो, म्हणून शेतकरी एकेका फळाला हाताने कागदी पिशवी बांधायचे, आधी छोटी मग मोठी. मूळ झाड युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात होरपळलं आणि १९४७ मध्ये मेलं. पुढे, नव्या जाती मिळवण्यासाठी जिथे झाडांवर गॅमा किरण सोडतात अशा प्रयोगाच्या शेतात १९६२ मध्ये लावलेल्या याच जातीच्या एका झाडाची एक फांदी १९८१ मध्ये रोगाशिवाय दिसली, तिच्यातून नवी जात निघाली. किरण म्हटलं की लोक घाबरतात, पण ते झाडावर पडले होते, आपण खातो त्या फळात काही उरत नाही. आता जपानमध्ये सगळ्यात जास्त पिकते ती कोसुई, १९५९ ची, जास्त गोड. कोरियात ‘सिन्गो’, मूळची जपानी जात, प्रचंड मोठं फळ, चुसोक सणाला भेट म्हणून देतात.

स्वयंपाकात खरी कमाल कोरियन लोकांनी केली. बुलगोगी, गाल्बी या भाजलेल्या मांसाच्या पदार्थांच्या मसाल्यात नाशी किसून घालतात, तिच्यातल्या एन्झाइम्समुळे मांस मऊ होतं आणि साखरेमुळे छान रंग येतो, आपल्याकडे कच्ची पपई लावतात तसंच, फक्त पपई जास्त जहाल. थंडगार नेंगम्योन नूडल्सवरही हिचे पातळ काप असतात. चीनमध्ये खोकल्याला खडीसाखर घालून वाफवतात, फोडी वाफवल्या तरी आकार धरून राहतात. जॅमला मात्र ही चालत नाही, पाणीच फार.

हे सगळं हातगाडीवरच्या पत्थरनाखनेही होतं. मी मटणाला किसून लावते, रस अजिबात न पिळता, आणि उरलेल्या फोडींची लिंबू-मीठ-मिरपूड घालून कोशिंबीर. साल तेवढी जाड काढायची आणि गाभाही सढळ हाताने कापायचा, कारण ते रवाळ कण सगळ्यात जास्त सालीखाली आणि गाभ्याजवळच असतात.