जागेचं आरक्षण बदलतंय? कलम ३७ खाली हरकत अशी नोंदवा

मैदानाचं आरक्षण उठवायचं किंवा १२ मीटरचा रस्ता १८ मीटरचा करायचा, असं महापालिकेने ठरवलं म्हणून ते लगेच होत नाही. मंजूर विकास आराखड्यातला, म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी राखायची हे ठरवणाऱ्या नकाशातला, असा फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार राज्य शासनाकडे मंजुरीला जातो. त्याआधी राजपत्रात सूचना निघते आणि हरकतीसाठी एक महिना मिळतो. हा महिना हातचा जाऊ देऊ नका.

हरकत कोणीही घेऊ शकतं. जागा तुमच्या नावावर असायलाच हवी असं नाही. भाडेकरू असाल किंवा रोज त्या मैदानावरून शाळेत मूल सोडत असाल, तरी तुमचं म्हणणं मांडता येतं. बाधित होणाऱ्यांना मात्र वेगळी नोटीस द्यावी लागते आणि त्यांची सुनावणीही घ्यावी लागते. अर्जातच लिहा: "मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी."

अर्ज साध्या कागदावर, सूचनेत दिलेल्या अधिकाऱ्याच्या नावे करायचा. सूचनेचा क्रमांक व तारीख, गाव, सर्वे किंवा सिटीसर्वे नंबर वरच घाला. जमीन तुमची असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणीचा नकाशा जोडा. सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे आराखड्याचा भाग नकाशा, म्हणजे तुमच्या जागेपुरता त्याचा तुकडा. त्याच्या प्रतीवर आपली जागा लाल पेनाने दाखवा. रस्ता घराच्या ओट्यावरून जातोय की मागच्या विहिरीवरून, हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं.

"आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलेल्या हरकतीला वजन येत नाही. कारण लिहा, पर्याय सुचवा. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलेल असा फेरबदल या कलमाखाली करता येत नाही. तुमच्या प्रकरणात तसं होत असेल तर तोच मुद्दा पहिला घ्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

सुनावणीनंतर प्रस्ताव नगरविकास विभागाकडे जातो. नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन शासन तो जसाच्या तसा किंवा बदल करून मंजूर करतं, नाहीतर नाकारतं. प्रस्ताव गेल्यावर माहिती अधिकारात त्याची प्रत मागा आणि तुमची हरकत त्यात कोणत्या शब्दांत नोंदवली आहे, ते स्वतः वाचा.