सरहद्दीवरच्या नाताळचे झाड : एक खुलासा

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर घडणाऱ्या ख्रिस्ती प्रेमकथांत नायक-नायिकेची मने बहुधा ओंडक्यांच्या घरात, मेणबत्त्यांनी उजळलेल्या नाताळच्या झाडापाशी जुळतात. त्यावरून तेथील प्रत्येक श्रद्धाळू कुटुंब पहिल्यापासून असाच सण साजरा करीत असे, असा समज रूढ झाला आहे. तो खरा नाही. बायबलमध्ये आधार नाही म्हणून प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथीयांनी मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता. १६८१ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट व क्वेकर या पंथांच्या अनेक घरांत एकोणिसाव्या शतकातही २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस असे. झाडाची प्रथा मुख्यतः जर्मन स्थलांतरितांची. १८५० मध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने नाताळच्या झाडाभोवती जमलेल्या इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे चित्र, राणीचा मुकुट आणि तिचा पती अल्बर्ट याच्या मिशा खोडून, छापल्यावर ती प्रथा इतरांत झपाट्याने पसरली.

त्याआधीचा नाताळ पाहायचा तर पश्चिमेकडचा प्रदेश धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीने १८०५ मध्ये पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या फोर्ट क्लॅटसॉपमध्ये घालवलेला दिवस पाहावा. पहाटे बंदुकांचे बार आणि गाणी झाली, पण जेवणाला नासत आलेले एल्क या मोठ्या हरणाचे मांस, खराब झालेले कुटलेले मासे आणि थोडी कंदमुळे एवढेच होते. तुकडीबरोबरच्या सॅकागविआ या शोशोनी आदिवासी स्त्रीने क्लार्कला पांढऱ्या विझल या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याच्या दोन डझन शेपट्या दिल्या (कादंबरीत अशी भेट सहसा आढळत नाही), आणि तुकडीत तंबाखू वाटली गेली तेव्हा ती न ओढणाऱ्यांच्या वाट्याला एकेक रुमाल आला.