आंतरराष्ट्रीय विमान आरक्षण : प्रवाशाची ओळख-माहिती

परदेशी जाणाऱ्या विमानाचे तिकीट काढताना, आणि पुढे चेक-इनपर्यंत, प्रवाशाला विमान कंपनीकडे नोंदवावी लागणारी स्वतःची माहिती. तीत पासपोर्टवरील पूर्ण नाव, जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा क्रमांक, तो देणारा देश आणि त्याची मुदत संपण्याची तारीख येते. आरक्षण करताना बहुतेक ठिकाणी नावावर भागते. लहान मुलांची जन्मतारीख मात्र तेव्हाच लागते, कारण दोन वर्षांखालील बाळाचे भाडे वेगळे असते. पासपोर्टचा तपशील नंतरही भरता येतो. आरक्षण प्रणालीत तो ‘डॉक्स’ या नोंदीत जातो.

यातली सर्वांत नाजूक बाब म्हणजे नाव. पासपोर्टचा क्रमांक चुकला तर चेक-इनच्या वेळी दुरुस्त होतो. नाव चुकले तर तिकीट दुसऱ्याचेच ठरू शकते, आणि तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. एखाददुसरे अक्षर अनेक कंपन्या बदलून देतात. सबंध नाव बदलायचे असेल तर बहुधा जुने तिकीट रद्द करून त्या दिवशीच्या भावाने नवे घ्यावे लागते.

पासपोर्टवरचे नाव म्हणजे नेमके कोणते, हे फोटोच्या पानाच्या तळाशी पाहावे. तिथे यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (इकाओ) ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात त्यांची रचना ठरलेली आहे. वरच्या ओळीतल्या पहिल्या पाच जागा दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांच्यासाठी असतात. उरलेल्या ३९ जागांत आधी आडनाव, मग ‘<<’, मग नाव. नाव त्याहून लांब असेल तर कापले जाते. गोव्यातल्या डि’सोझांच्या आडनावातले वरचे चिन्ह या ओळीत गळून अक्षरे सलग होतात, तर जोडआडनावातल्या आडव्या रेघेच्या जागी ‘<’ येते.

खालच्या ओळीत क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्यामागे प्रत्येकी एक तपासणी अंक असतो. तो काढण्याची रीत साधी आहे : अंकांना ओळीने ७, ३, १ यांनी गुणायचे, बेरीज करायची आणि तिच्या एकम स्थानचा अंक घ्यायचा. १ मे १९६० ही जन्मतारीख ओळीत ६००५०१ अशी येते. ६ × ७ = ४२, ५ × ७ = ३५, १ × १ = १; बेरीज ७८, म्हणून तपासणी अंक ८. शेवटचे दोन अंक उलटे पडून ६००५१० झाले तर बेरीज ८० होते, अंक शून्य येतो आणि यंत्र चूक पकडते. आरक्षणाचा अर्ज हाताने भरताना ही राखण नसते. म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवूनच अर्ज भरावा. आठवणीवर विसंबू नये.

मराठी नाव आडनाव आणि नाव या दोन कप्प्यांत सहज मावत नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी आपली तीन पदे. पासपोर्टात मधले पद बहुधा पहिल्या नावाला जोडून एकाच रकान्यात येते, आणि तिकिटावरही ते तसेच घालावे. बोर्डिंग पासवर मग ‘जोशी/मीनाअरविंदमिसेस’ असे सलग काहीतरी छापून येते. अनेकांच्या पोटात गोळा येतो, पण ती प्रणालीची रीतच आहे. पासच्या बारकोडात नावाला २० खुणांचीच जागा असते. स्पेलिंगचे तसे नाही. ‘वाघ’ कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. पासपोर्टात असेल तेच खरे.

सर्वांत जास्त जाच होतो तो लग्न झालेल्या बाईला. लग्नानंतरच्या परदेश सहलीचे तिकीट घरचे कौतुकाने सासरच्या नावाने काढतात, आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असतो. काही घरांत पहिले नावही बदलते, तेव्हा दोन्ही कागदांत एकही शब्द जुळत नाही. पासपोर्ट बदलून हाती येईपर्यंत माहेरच्या नावानेच तिकीट काढणे यात कोणाचा मान कमी होत नाही.

आडनावाचा रकाना कोरा असलेल्यांची अडचण वेगळी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारण्याचे ठरवले. पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा नंतर झाला.

ही माहिती कंपनीपाशीच राहत नाही. प्रवेशास अपात्र प्रवासी आणला तर कंपनीला त्याला परत न्यावे लागते आणि अनेक देशांत दंडही भरावा लागतो, म्हणून ती आधीच तपासणी करते. पासपोर्टवरून घेतलेला तपशील (एपीआय) आणि आरक्षणाची नोंद (पीएनआर) हे दोन वेगळे साठे आहेत. दुसऱ्यात संपर्क, पैसे कसे भरले, आसन, सामान असे सगळे येते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१७ च्या २३९६ क्रमांकाच्या ठरावाने सदस्य देशांवर अशा नोंदी गोळा करण्याची जबाबदारी टाकली. भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने विनियम काढले. त्यांनुसार उड्डाणाच्या २४ तास आधी पीएनआर सीमाशुल्क खात्याकडे जातो आणि पाच वर्षांपर्यंत ठेवता येतो. इतका तपशील इतका काळ सरकारदरबारी राहतो, हे तिकीट काढणाऱ्याला तिकिटावरच कळायला हवे.

परदेशी नागरिकत्व घेतलेले मराठी लोक ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर, भारतात येतात. त्यांनी तिकिटात सध्याच्या परदेशी पासपोर्टचेच नाव आणि क्रमांक द्यावा. कार्डावर जुना क्रमांक असला तरी जुना पासपोर्ट सोबत बाळगण्याची सक्ती २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली.